मुखकर्करोगाचा प्रसार व मानेतील ग्रंथी : एका वादाचा इतिहास

कर्करोगाची गाठ जेथे उद्भवते तेथेच राहती, तर शस्त्रवैद्याचे काम पुष्कळच सोपे झाले असते. बहुतेक कर्करोगांत रुग्ण दगावतो तो मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्यातून निसटून अन्यत्र रुजलेल्या पेशींमुळे. या स्थलांतरास ‘मेटास्टॅसिस’ ही संज्ञा पॅरिसच्या रेकामिए यांनी 1829 मध्ये लावली. पुढे 1889 मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि या पेशी कोठेही यदृच्छेने रुजत नाहीत, बीजाप्रमाणे त्यांनाही अनुकूल भूमी लागते, असे प्रतिपादिले.

पृष्ठभागावरील निरोगी पेशी परस्परांशी प्रथिनांनी जखडलेल्या असतात. कर्कपेशींत हे बंध सैल पडतात. त्या एंझाइमे स्रवून खालचा आधारपटल भेदतात व लसीकावाहिन्यांत शिरतात. बहुसंख्य पेशी वाटेतच नष्ट होतात. उरतात त्या थोड्याच, पण अनर्थाला तेवढ्या पुरतात.

जिभेच्या वा गालाच्या कर्करोगात हा प्रवास प्रथम मानेतील लसीकाग्रंथींकडे होतो. त्या समूळ काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये मांडली. प्रश्न उरला तो असा : ग्रंथी हाताला लागत नसतील, तर काय करावे? आधीच काढाव्यात, तर अनेकांच्या ग्रंथी निर्दोष निघत आणि खांद्याचे दुखणे मात्र पदरी पडे. वाट पाहावी, तर गाठ दिसेपर्यंत रोग पुढे गेलेला असे. दोन्ही पक्षांत तथ्य होते; पुरावा मात्र अपुरा होता.

तो मुंबईतून आला. तंबाखूच्या व्यसनामुळे आपल्याकडे मुखकर्करोगाचे रुग्ण विपुल. 1941 मध्ये उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांनी या रोगाचा पद्धतशीर अभ्यास आरंभला होता. त्याच संस्थेत 2004 पासून 2014 पर्यंत डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 596 रुग्ण चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागले. पहिल्या 500 रुग्णांच्या विश्लेषणात, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहणाऱ्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. दुसऱ्या गटातील 255 पैकी 146 जणांत रोग उलटला.

या आकड्यांचा अर्थ वेरूळसारख्या गावी अधिकच गंभीर होतो. ‘लक्ष ठेवून वाट पाहणे’ या सल्ल्यात रुग्ण वारंवार तपासणीस येईल, हे गृहीत असते. वेरूळहून मुंबई तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. हंगाम बुडवून दर दोन महिन्यांनी तेथे जाणे शेतमजुरास कसे परवडावे? औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये सुरू झाल्याने हे अंतर सुमारे तीस किलोमीटरवर आले. प्रस्तुत लेखकाच्या मते पाश्चात्त्य ग्रंथांतील या वादात अंतराचा विचार जवळजवळ झालेलाच नाही.

तथापि 3 मिलीमीटर वा त्याहून कमी खोलीच्या गाठींत हा लाभ या अभ्यासात स्पष्ट दिसला नाही. त्यांच्यापुरता जुना प्रश्न अद्याप खुला आहे.