जीपची निवड : तीन गाड्या आणि एक अशक्य अट

बाजारात पाच-सहा गाड्या उभ्या असल्या की त्यांतली एक कशी निवडायची, हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. किंमत पाहायची, इंजिनाची ताकद पाहायची, लिटरला किती जाते ते विचारायचं, जमलं तर चालवून पाहायची. पण जी गाडी हवी ती जगात कुणी बनवलेलीच नसेल तर? मग आधी ‘कशी हवी’ ते लिहून काढावं लागतं, कारखान्यांना ती बनवायला सांगावं लागतं आणि त्यानंतर तुलना करावी लागते. अशा वेळी निवडीचा बराचसा भाग त्या ‘कशी हवी’च्या यादीतच उरकलेला असतो. यादी चुकली तर?

१९४० साली अमेरिकी सैन्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यातून निघालेली गाडी म्हणजे जीप.

यादी

पहिल्या महायुद्धात निरोप पोचवायला आणि टेहळणीला घोडे आणि सायडकारच्या मोटरसायकली वापरत. चिखलात मोटरसायकल रुतायची आणि घोडा बंदुकांपुढे टिकायचा नाही. जून १९४० मध्ये जर्मनीच्या यांत्रिक फौजांनी फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हा अमेरिकी सैन्याला घाई झाली. ११ जुलै १९४० रोजी १३५ कारखान्यांना पत्रं गेली. मागणी अशी : चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, उंचीला ठेंगणी, सुमारे २७० किलो ओझं नेणारी गाडी, आणि तिचं स्वतःचं वजन मात्र १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोंपेक्षा जास्त नको. नमुना ४९ दिवसांत हजर करायचा, एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत.

यातल्या दोन अटी एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या होत्या. त्या कशा, हे समजायला सायकलचं उदाहरण घेऊ. सुट्या खडीच्या चढावर सायकल चढवताना आपण उभे राहून पुढे झुकलो, तर मागचं चाक जागच्या जागी फिरू लागतं. पॅडलचा जोर फक्त मागच्या चाकाला मिळतो, आणि पुढे झुकल्यामुळे आपलं वजन पुढच्या चाकावर गेलेलं असतं. चाक जमिनीला किती जोराने मागे रेटू शकेल, हे जमीन किती खरखरीत आहे यावर आणि त्या चाकावर किती भार आहे यावर ठरतं. जोर न मिळणाऱ्या चाकावरचा भार या कामी फुकट जातो. साध्या मोटारीतही पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना जोर मिळतो, म्हणून तिचं जवळजवळ निम्मं वजन असं वाया जातं. डांबरी रस्त्यावर हे जाणवत नाही, चिखलात जाणवतं. चारही चाकांना जोर दिला की गाडीचं सगळं वजन कामाला येतं.

पण त्याला खर्च पडतो. जोर पुढे-मागे वाटणारी आणखी एक गिअरपेटी लागते, पुढच्या बाजूला आणखी एक दांडा आणि आणखी एक डिफरन्शियल लागतं. शिवाय पुढची चाकं वळायचीही असतात. वळलेल्या चाकालाही सारख्याच वेगाने फिरवत राहील असा खास सांधा तिथे बसवावा लागतो. हे सगळं पोलादाचं. म्हणजे ‘चारही चाकांना जोर द्या’ असं म्हणणं आणि त्याच कागदावर ‘वजन ५९० किलो’ लिहिणं, हे पोळ्या वाढवून कणीक कमी करायला सांगण्यासारखं होतं.

खरं वजन आणि कागदावरचं वजन

१३५ पैकी दोनच कारखाने पुढे आले. एक ओहायोतल्या टोलेडोचा विलीज-ओव्हरलँड. दुसरा पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावचा बँटम. बँटमने पूर्वी ब्रिटिश ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या मोटारीच्या आधाराने गाड्या बनवल्या होत्या. १९४० मध्ये मात्र त्याचं दिवाळं वाजायच्या बेतात होतं. त्याच्याकडे मोठा आराखडा-विभागही नव्हता. त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. प्रोब्स्ट १७ जुलैला निघाले. वाटेत टोलेडोला स्पायसर कंपनीत थांबून पुढच्या आसाचं काय करता येईल ते बोलून घेतलं, आणि बटलरला पोचल्यावर दोनेक दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला.

त्यांनी वजनाचा हिशेब केला, तो आला ८४० किलोंच्या आसपास. अटीच्या जवळजवळ दीडपट. पुढे प्रोब्स्ट यांनीच सांगितलेली हकिकत अशी, की बँटमच्या प्रतिनिधीने निविदेत अटीत बसेल असा आकडा घातला. खरा आकडा लिहिला तर पाकीट तिथेच बाजूला पडेल. आधी काम मिळू दे, वजनाचं मग पाहू, असा विचार.

इथे थोडं थांबू या. हे खोटंच होतं, यात शंका नाही. पण ते कुणी बोलायला लावलं? पुरी होऊच शकत नाही अशी अट घातली, की ती अट खऱ्याला बाहेर ठेवते आणि आकडा फिरवणाऱ्याला आत घेते. शाळेत पट, हजेरी, निकाल यांचे तक्ते भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

विलीजचा दर बँटमपेक्षा कमी होता, पण ४९ दिवसांत नमुना देण्याची तयारी नव्हती. काम बँटमला मिळालं. २३ सप्टेंबर १९४० रोजी संध्याकाळी साडेचारला, मुदत संपायला अर्धा तास असताना, त्यांची हाताने जोडलेली गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत येऊन उभी राहिली. वजनाचा प्रश्न निघालाच. प्रोब्स्ट यांनी खरं वजन सांगून टाकलं. तेव्हा तिथल्या एका धिप्पाड घोडदळ अधिकाऱ्याने गाडीची मागची बाजू स्वतः उचलून पाहिली आणि मान डोलावली, असं सांगतात. त्या काळी गाडी खड्ड्यात अडकली की शिपाईच ती हाताने काढत. वजनाची अट खरं तर त्यासाठी होती. ‘५९० किलो’ हे त्या गरजेचं कुणीतरी केलेलं आकड्यातलं भाषांतर होतं, आणि ते चुकलेलं होतं. गरजेची परीक्षा काट्यापेक्षा त्या अधिकाऱ्याच्या दोन हातांनी नेमकी घेतली.

पुढचे तीन आठवडे गाडीला शेतांतून, खड्ड्यांतून, चिखलातून सुमारे साडेपाच हजार किलोमीटर पिटाळलं. त्यातला अगदी थोडा भाग पक्क्या रस्त्याचा होता. बरेच दोष निघाले, भाग मोडले. तरी गाडी कामाची आहे, असाच निष्कर्ष निघाला.

तीन गाड्या समोरासमोर

मग सैन्याने एक गोष्ट केली, जिच्यावर अजून वाद होतो. बँटमच्या छोट्या कारखान्याला हजारो गाड्या झेपतील का, ही शंका होती. म्हणून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांना बँटमची गाडी आणि तिचे आराखडे पाहू दिले. नोव्हेंबर १९४० मध्ये दोघांच्याही गाड्या चाचणीला आल्या. तिन्ही बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या. वजनाची मर्यादा आता वास्तवाला धरून सुमारे ९८० किलोंवर नेली होती, आणि तिघांनाही प्रत्येकी १५०० गाड्यांचं काम दिलं गेलं.

विलीजचा पहिला नमुना जवळपास १०९० किलोंचा होता. त्यांचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या : हलकं आणि दुबळं इंजिन बसवायचं, किंवा आपलं दणकट इंजिन ठेवून बाकी गाडी हलकी करायची. त्यांनी दुसरी वाट धरली. गाडी सुटी केली, एकेक भाग तोलला. बोल्टांची जादा लांबी कापली, जड पोलादाच्या जागी हलकं पण मजबूत पोलाद घातलं, रंगाचा थरसुद्धा हिशेबात धरला. गाडी मर्यादेत बसली, पण इतकी जेमतेम, की थोडा चिखल लागला तरी ती बाहेर गेली असती!

हा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांवरून कळेल. बँटमची गाडी सुमारे ९२० किलो आणि ४५ अश्वशक्तीची. विलीजची सुमारे ९८० किलो आणि ६० अश्वशक्तीची. फोर्डचं वजन विलीजएवढं, पण ट्रॅक्टरवरून घेतलेल्या इंजिनाची ताकद बँटमएवढीच. आता गाडीत ३६० किलोंचं ओझं ठेवा आणि दर १०० किलोंमागे किती अश्वशक्ती मिळते ते काढा. बँटमला १२८० किलोंना ४५, म्हणजे दर शंभर किलोंना ३.५. विलीजला १३४० किलोंना ६०, म्हणजे ४.५. वजनातला फरक सहा-सात टक्क्यांचा आणि ताकदीतला एक-तृतीयांशाचा. ‘हलकी ती चांगली’ एवढीच कसोटी ठेवली असती तर बँटम जिंकली असती. ‘भरलेली गाडी चढ किती जोमाने चढते’ ही कसोटी ठेवली, तर विलीजच्या जवळपासही कुणी नव्हतं. बँटम मात्र पेट्रोल कमी पीत होती, आणि फोर्डची बांधणी मोठ्या कारखान्यात भराभर घडवायला सोयीची होती.

निवड

जुलै १९४१ मध्ये सैन्याने ठरवलं, की यापुढे एकाच प्रकारची गाडी घ्यायची. यामागे साधं कारण होतं. रणांगणावर सुटे भाग हवेत, आणि एका बंद पडलेल्या गाडीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. १६,००० गाड्यांचं काम निघालं. खरेदी खात्यातल्या काहींचा कल फोर्डकडे होता, कारण कारखाना मोठा आणि भरवशाचा. पण सर्वांत कमी दर विलीजचा आला, गाडीमागे सुमारे साडेसातशे डॉलर, आणि गाडीही चाचणीत सरस होती. काम विलीजला मिळालं. तिच्यात फोर्डच्या नमुन्यातलं सपाट बॉनेट आणि दिवे आत घेतलेली पुढची जाळी आली; गाडीचा मूळ सांगाडा तर बँटमच्या कल्पनेवरच उभा होता.

एका कारखान्यावर विसंबणं धोक्याचं, म्हणून १९४१ च्या अखेरीस फोर्डलाही हीच गाडी, विलीजच्याच आराखड्याने, बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीप बनवल्या. बँटमच्या सगळ्या मिळून तीन हजारसुद्धा झाल्या नाहीत. पुढे तो कारखाना जीपला जोडायचे ट्रेलर बनवत राहिला.

हा न्याय झाला का? सैन्याच्या बाजूने पाहिलं, तर युद्धात वेळेवर आणि पुरेशा गाड्या मिळणं हाच न्याय. बँटमच्या बाजूने पाहिलं, तर ज्याने ४९ दिवसांत अशक्य ते करून दाखवलं, त्याच्या पानातलं उचलून दुसऱ्याला वाढलं गेलं. विलीजने पुढे ‘जीप आम्हीच निर्माण केली’ अशा जाहिराती केल्या. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली आणि १९४८ मध्ये निर्णय दिला, की हा दावा खरा नाही. जीपची कल्पना बँटम आणि सैन्याचे अधिकारी यांच्या सहकार्यातून निघाली. पैसे काही मिळाले नाहीत, श्रेयाची नोंद तेवढी दुरुस्त झाली.

माझगाव आणि नंतर

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. के. सी. महिंद्रा अमेरिकेत असताना बार्नी रूस यांना भेटले होते, आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात झाली. पुढची कित्येक वर्षं खेड्यात सरकार यायचं ते जीपमधूनच : तहसीलदार, डॉक्टर, निवडणुकीचा उमेदवार.

निवडीचा प्रश्नही आपल्याकडे पुन्हा आला. भारतीय सैन्यात १९९० च्या दशकापासून मारुती जिप्सी होती, ५०० किलो ओझ्याच्या वर्गातली. तिच्या जागी नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा यादीत ८०० किलो ओझं, पक्कं छप्पर आणि वातानुकूलन आलं. एवढ्या तीन ओळींनीच जिप्सी स्पर्धेबाहेर गेली. चाचणीत टाटा आणि महिंद्रा यांच्या गाड्या उतरल्या, दर कमी टाटांचा आला, आणि २०१७ मध्ये ३१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांचं काम त्यांना मिळालं. हलकी जिप्सी बर्फात आणि अरुंद घाटवाटांत सहज जाते, असं म्हणणारे जवान कमी नव्हते. पण ‘हलकी हवी’ असं यादीत नसेल, तर त्या गुणाला शून्य गुण मिळणार.

वर्गात काय करता येईल?

बँटम, विलीज, फोर्ड यांचे वरचे आकडे फळ्यावर लिहा. वर्गाचे चार गट करा : गाडी चालवणारा शिपाई, दुरुस्ती करणारा मेकॅनिक, पैसे मोजणारा हिशेबनीस आणि गाड्या वेळेवर पोचवायची जबाबदारी असलेला अधिकारी. वजन, ताकद, दर, पेट्रोल, कारखान्याची क्षमता यांना प्रत्येक गटाने मिळून शंभर गुण वाटावेत आणि मगच निवड करावी. चारही गटांची गाडी एकच येईल, असं नाही. आकडे तेच, बेरीज बरोबर, तरी उत्तरं वेगळी. असं का, यावर मुलांना भांडू द्या.

आणि शेवटी त्यांना ५९० किलोंची अट सांगून विचारा : तुम्ही प्रोब्स्टच्या जागी असता तर कागदावर कोणता आकडा लिहिला असता? मग दुसरा प्रश्न, जो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे : अट लिहिणाऱ्याच्या जागी असता, तर ती लिहिण्याआधी कुणाला विचारलं असतं?