खाड्याचा पगार

मुंबईच्या गिरणीत साचेवाला तापाने फणफणला की त्याच्या खोलीवर दोन हिशेब सुरू होत. एक औषधाचा आणि दुसरा बुडालेल्या रोजाचा. औषधाचा हिशेब बहुधा आटोपशीर असे. वैद्याची पुडी, धर्मादाय दवाखान्यातली बाटली किंवा गावाकडचा काढा यावर तो भागे. रोजाचा हिशेब मात्र दिवसागणिक फुगत जाई. हजेरीपटावर खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि जागेवर बदली कामगार उभा राहिला. पगारही महिना उलटून दहा-पंधरा दिवस गेल्यावर हातात पडे. तोवर खोलीभाडे, वाणी आणि गावची मनीऑर्डर थोडीच थांबणार? मग सावकाराचे दार ठोठावावे लागे. 1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तेव्हा जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे दिसले. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा रुळलेला दर होता. वर्षाकाठी तो 75 टक्के पडतो.

आजारात कामगाराला पैसे मिळावेत का, आणि मिळाले तर ते कोणी द्यावेत, हा वाद हिंदुस्थानात उभा राहिला तो या दुसऱ्या हिशेबावर. आरोग्य विम्याच्या आजच्या चर्चेत खाटा, पॅकेज आणि कॅशलेस यांचेच बोलणे असते. पण देशातल्या पहिल्या मोठ्या आरोग्य विम्याच्या मुळाशी बुडालेल्या मजुरीचा प्रश्न होता.

तोवर कायदा तुकड्यातुकड्यांनी आला होता. यंत्रात हात सापडलेल्याला भरपाई देणारा कायदा 1923 चा. बाळंतपणाच्या रजेसाठी कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, पण ते मंजूर झाले नाही. मुंबई प्रांताने 1929 मध्ये स्वतःचा मातृत्व लाभ कायदा केला. आसवले यांनी मांडलेल्या त्या विधेयकावर 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. खर्च कोणी सोसायचा, हा पुढच्या सगळ्या वादांचा गाभा त्या चर्चेत आधीच आला होता.

साध्या आजारासाठी मात्र काहीच नव्हते. 1927 मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने जिनिव्हात आजारविम्याचे करार संमत केले. हिंदुस्थान सरकारने ते इथे व्यवहार्य नसल्याचे ठरवले. कारणे ऐकायला पटण्यासारखी होती. कामगार आज गिरणीत, तर सुगीला कोकणात नाहीतर सातारा-घाटावर. आजारी पडला की तो गाव गाठतो, मग त्याला तपासणार कोण? डॉक्टर अपुरे, त्यातून कामगाराचा विश्वास वैद्य-हकिमांवर. दरसाल किती कामगार किती दिवस आजारी पडतात याचे आकडेही नाहीत, मग हप्ता ठरवायचा कशावरून?

हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या अडचणी मान्य केल्या, पण तेवढ्यावर विषय मिटवला नाही. आकडे नसतील तर गोळा करा, आणि तोवर तात्पुरती व्यवस्था उभी करा, असा त्याचा रोख होता. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. पुढे मुंबईच्या कापड उद्योगासाठी नेमलेल्या दिवटिया समितीनेही 1940 मध्ये आजारविम्याचा आग्रह धरला. अहवाल साठत गेले. खाड्याचे पैसे मात्र कापलेच जात राहिले.

गाडी हलली ती युद्धकाळात. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मार्च 1943 मध्ये अलाहाबाद विद्यापीठातील अर्थशास्त्राचे अध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे आजारविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. ब्रिटनमध्ये सामाजिक विम्यावरचा बेव्हरिज अहवाल नुकताच, डिसेंबर 1942 मध्ये आला होता. पुढे नेहरूंनी आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटल्याचे सांगितले जाते. पण या छोट्या बेव्हरिजच्या हाती ब्रिटनसारखी साधने नव्हती. ऑगस्ट 1944 मध्ये त्यांनी दिलेली योजना हात राखून आखलेली होती: कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीनच उद्योग, तेही बारमाही चालणारे कारखाने. वर्गणी सक्तीची. हंगामी कारखाने बाहेर.

त्याच 1943 मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यसेवेवर आणखी एक समिती नेमली. तिचा 1946 चा अहवाल वेगळ्याच वाटेने गेला. वर्गणी भरू शकणारे लोक या देशात मूठभर आहेत, तेव्हा वैद्यकीय सेवा करातून आणि सर्वांना मोफत मिळावी, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यावरही उपचार झाले पाहिजेत, असे भोर समितीने मांडले. एकाच सरकारच्या टेबलावर असे दोन आराखडे आले. एकात नियमित पगार असलेल्यांचा विमा होता, दुसऱ्यात सर्वांसाठी दवाखाने. स्वतंत्र भारताने दोन्ही थोडेथोडे स्वीकारले आणि दोहोंनाही पैसे कमी दिले.

आडारकरांची योजना आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ज्ञ मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी 1945 मध्ये तपासली. व्याप्ती सगळ्या बारमाही कारखान्यांपर्यंत न्यावी, बाळंतपण आणि अपघाताची भरपाई याच छत्राखाली आणावी, असे त्यांनी सुचवले. रोख रक्कम आणि औषधोपचार यांचा कारभार वेगळा ठेवावा, हीही त्यांचीच सूचना. रोख रक्कम केंद्रीय महामंडळ देणार आणि दवाखाने प्रांतिक सरकारे चालवणार. कागदावर सुटसुटीत दिसणाऱ्या या वाटणीने पुढे अनेक दशके कामगारांना दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालायला लावले. महामंडळ म्हणे डॉक्टर राज्याचे, राज्य म्हणे पैसा दिल्लीचा.

जगजीवन राम मजूरमंत्री असताना विधेयक पुढे सरकले आणि एप्रिल 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगारांच्या तोंडी तो ‘ई.एस.आय.’ झाला. विजेवर चालणारा आणि 20 किंवा अधिक माणसे असलेला कारखाना, महिना 400 रुपयांपर्यंत पगार, ही त्याची हद्द. दिवसाला एक रुपयाहून कमी मिळवणाऱ्याकडून वर्गणी घ्यायची नाही, लाभ मात्र द्यायचा, हे त्यातले फार कमी बोलले गेलेले कलम. आजारात वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत साधारण निम्म्या मजुरीइतकी रक्कम ठरली.

कायदा झाला, तरी तो प्रत्यक्षात यायला चार वर्षे गेली. सुरुवात कानपूर आणि दिल्लीत करायची ठरली, तेव्हा कानपूरचे मालक तक्रार घेऊन उभे राहिले. आम्हीच वर्गणी भरायची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी नाही, तर बाजारात आमचे कापड महाग पडणार! तक्रार खोटी नव्हती. 1951 मध्ये कायदा दुरुस्त झाला. योजना सुरू झालेल्या भागात मालकांनी पगारखर्चाच्या सव्वा टक्का, आणि जिथे ती पोहोचलेली नाही तिथल्या मालकांनीही पाऊण टक्का भरावा, अशी तडजोड निघाली. मुंबईच्या मालकांना अशा रीतीने कामगारांना काही मिळण्याआधीच पैसे मोजावे लागले. त्यामुळे योजना लवकर आणा म्हणणाऱ्यांत आता त्यांचाही सूर मिसळला.

24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कात सुमारे 70 हजारांच्या सभेत नेहरूंनी योजनेचे उद्घाटन केले. पहिले मानद विमाधारक म्हणून त्यांनी अर्जावर सही केली. व्यासपीठावर महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कटियाल होते. या माणसाची कहाणी या योजनेइतकीच ऐकण्यासारखी. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, कामगारवस्तीत त्यांचा दवाखाना होता. 1931 मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती त्यांच्याच घरी. पुढे ते फिन्सबरीचे महापौर झाले, आणि 1938 मध्ये तिथे उघडलेल्या प्रसिद्ध आरोग्य केंद्रामागे त्यांचा मोठा वाटा होता. ब्रिटनचा 1911 चा विमा कायदा त्यांनी डॉक्टर म्हणून जवळून पाहिला होता. त्या कायद्यात कामगाराला विमा होता, त्याच्या बायकोमुलांना नव्हता. भारतातली योजनाही नेमकी याच उणिवेनिशी सुरू झाली. कुटुंबांना औषधोपचार मिळू लागले ते 1958 नंतर, तेही एकेका राज्यात, हळूहळू.

महाराष्ट्राच्या आजच्या नकाशावर योजना आधी नागपुरात आली, जुलै 1954 मध्ये. एम्प्रेस मिलच्या त्या गावाला मालकाने कामगारांची काळजी घेण्याची कल्पना नवी नव्हती. तिथे एकोणिसाव्या शतकातच पेन्शन आणि अपघात भरपाईचे फंड निघाले होते. पण फंड ही मालकाची मर्जी, विमा हा कामगाराचा हक्क. ऑक्टोबर 1954 मध्ये मुंबईचा नंबर लागला.

कानपूर-दिल्लीत महामंडळाच्या पैशांवर सरकारी दवाखाने उघडले गेले होते. मुंबईत जागा कुठून आणणार? आणि गल्लोगल्ली खासगी डॉक्टर तर होतेच. म्हणून इथे पॅनेल पद्धत आली. आपल्या भागातला डॉक्टर कामगाराने निवडायचा, नावावर असलेल्या प्रत्येक कामगारामागे डॉक्टरला वर्षाला ठरलेली रक्कम मिळायची. तिचा फायदा उघड होता. लालबागच्या कामगाराला परळ ओलांडून कुठे रांग लावावी लागत नव्हती, चाळीखालचाच डॉक्टर त्याला तपासत होता.

तोटाही त्याच रचनेत होता. माणशी ठरीव रक्कम मिळणाऱ्या डॉक्टरला रोगी लवकर उरकण्यात फायदा, आणि नाव दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये म्हणून मागेल त्याला सर्टिफिकेट देण्यातही फायदा. सर्टिफिकेटावरून मालक आणि युनियन यांच्यात वर्षानुवर्षे जुंपली. योजना आल्यापासून खाडे वाढले, होळी-गणपतीच्या सुमारास आजार बरे बळावतात, असे मालक म्हणत. पूर्वी आजारी माणूस अंगावर ताप काढत साच्यावर उभा राहत होता, आता तो घरी झोपतो, याला वाढ म्हणायचे का, असा युनियनचा प्रतिप्रश्न. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. पॅनेलच्या औषधाची बाटली रंगीत पाण्याची, अशी कामगारांची कुरकुर वेगळीच.

मुंबईच्या आजारांनी योजनेला वाकवलेही. गिरणगावात क्षयाला आठ आठवड्यांची मुदत म्हणजे थट्टाच होती. 1956 पासून क्षयरोग्यांना वाढीव मुदतीचा आजारभत्ता मिळू लागला. पुढे दीर्घ आजारांची यादी वाढत जाऊन 34 वर पोहोचली. परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आणि वरळी, मुलुंड, कांदिवली इथली कामगार रुग्णालये उभी राहिली. कापसाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी करणारा बिसिनोसिस कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आला. पण आयुष्यभर पिंजणखात्यात काढलेल्या माणसाचा दमा हा गिरणीचा की बिडीचा, हे मेडिकल बोर्डापुढे सिद्ध करणे ही निराळी लढाई होती.

योजनेची सगळ्यात मोठी मर्यादा 18 जानेवारी 1982 नंतर दिसली. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. विम्याचा हक्क वर्गणीवर आणि वर्गणी पगारावर बेतलेली. पगार थांबला, वर्गणी थांबली आणि ठरलेली मुदत संपताच हक्कही आटला. संपानंतर हजारोंना कामावर परत घेतले गेले नाही. त्यांतले कितीतरी यंत्रमाग, वॉचमनगिरी, भाजीची गाडी अशा कामांकडे वळले, आणि तिथे ई.एस.आय. क्वचितच होती. नोकरीला बांधलेला विमा नोकरीबरोबर गेला.

त्यानंतर सुधारणांची दिशा बदलली. 1986 मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली, ती मध्यमवर्गासाठी. 2008 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना 30 हजार रुपयांचे संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर वर्षाला दीड लाखापर्यंत शस्त्रक्रिया आणि उपचार होऊ लागले. 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. 2023 मध्ये राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांची मर्यादा करण्याचा निर्णय झाला. भोर समितीची ‘सर्वांसाठी’ ही मागणी अशी विम्याच्या वाटेने, तीही फक्त भरती झालेल्या रोग्यापुरती परत आली. बायपास आणि डायलिसिस ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशा असंख्य घरांना या योजनेने कर्जातून वाचवले. पॅकेजचे दर परवडत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार आणि कार्ड असूनही पैसे मागितले ही रोग्यांची तक्रार, दोन्ही आजही चालू आहेत.

या सगळ्या योजनांत एक गोष्ट समान आहे. त्या रुग्णालयाचे बिल भागवतात. टायफॉइडने तीन आठवडे घरी पडलेल्या नाक्यावरच्या मजुराच्या खाड्यांचे त्या काही देत नाहीत. ते देणारी मोठी सरकारी योजना आजही ई.एस.आय.च आहे. तिथे आजारात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. जुलै 2019 पासून कामगाराची वर्गणी पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. पगाराची मर्यादा जानेवारी 2017 मध्ये 21 हजार रुपये झाली. ती वाढवा, ही युनियनची मागणी जुनीच आहे. दोन-तीन हजारांच्या पगारवाढीने कामगार विम्याच्या बाहेर फेकला जातो, हे तिचे कारण.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ई.एस.आय. कायदा आपल्यात सामावून घेतला आणि अ‍ॅपवरून जेवण, पार्सल पोहोचवणाऱ्यांचा कायद्यात प्रथमच उल्लेख केला. त्यांच्यासाठी योजना आखण्याची तरतूद तिच्यात आहे. आजारात बुडालेल्या दिवसांचे पैसे त्यांना मिळणार का, हे त्या योजना कशा लिहिल्या जातात आणि वर्गणी कोणाच्या खिशातून जाते, यावर ठरेल.