राजाचा महाल आणि मोरीचा प्रश्न

मैत्रिणींनो, घराचा नकाशा पुढ्यात आला की पुरुषमंडळी आधी दर्शनी भाग बघतात. आपण विचारतो, मोरी कुठे? पाणी गाळून भरून ठेवायला जागा कुठे? फ्रान्समध्ये हाच प्रश्न एका मंत्र्याने विचारला होता, म्हणून मला ही हकीकत फार आवडते.

चौदाव्या लुईला पॅरिसच्या लूव्र राजवाड्याची पूर्वेची बाजू भव्य करायची होती. कोलबेर या मंत्र्याच्या हाताखाली बांधकाम खातं होतं. १६६४ साली रोमच्या बर्निनीकडून आराखडे मागवले. हा केवढा मोठा कलावंत! सेंट पीटरच्या चौकाभोवतीची खांबांची रांग त्याचीच. त्याने पाठवलेल्या पहिल्या चित्रात बाहेरून उघडे सज्जे होते. कोलबेर म्हणाला, पॅरिसच्या थंडीत हे चालायचं नाही, आणि राजाच्या सुरक्षिततेचं काय?

१६६५च्या जूनमध्ये बर्निनी स्वतः पॅरिसला आला. वय ६६. नवा आराखडा राजाला पसंत पडला, पण कोलबेरचे प्रश्न संपेनात. राजा निजणार कुठे, पाण्याचे नळ कुठून, शौचकूप कुठे? बर्निनी संतापला. मोठ्या कलावंताला असल्या गोष्टी विचारायच्या? राजाने त्याच्या दिमतीला दिलेल्या शांतलूने हे सगळं रोजनिशीत टिपलं, म्हणून आपल्याला कळतं.

कोलबेरचा मदतनीस शार्ल पेरोही बर्निनीवर नाराज होता. हाच पुढे सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा पेरो! त्याला नुसत्या मोठमोठ्या दालनांची हौस, राहण्याच्या सोयींकडे लक्षच नाही, असं पेरो लिहितो. मात्र पेरोचा शब्द मी जरा जपूनच घेते, कारण पुढे काम मिळालं त्यात त्याचा सख्खा भाऊ होता.

१७ ऑक्टोबर १६६५ ला राजाच्या हस्ते पायाचा दगड बसला. तीन दिवसांनी बर्निनी रोमला निघाला. १६६७ मध्ये त्याचा आराखडा बाजूला पडला आणि तिघांच्या समितीकडे काम गेलं. त्यातला एक क्लोद पेरो, पेशाने वैद्य! आज दिसते ती जोडखांबांची रांग या समितीची.

आणि ज्याच्या निजायच्या खोलीवरून एवढा वाद झाला, तो राजा १६८२ साली दरबारासकट व्हर्सायला राहायला गेला. पॅरिसच्या त्या मुक्कामात बर्निनीने घडवलेला त्याचा संगमरवरी अर्धपुतळाही आज तिथेच आहे.