'परम शिवाय'
वाराणसीच्या आयआयटी (बीएचयू)मधील महासंगणक. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतला पहिला. लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९. यंत्र काशीत असले तरी 'परम'चे घराणे पुण्याचे. मूळ पुरुष विजय भटकर : जन्म १९४६, मुरंबा (जि. अकोला), शिक्षण नागपूर, बडोदे, दिल्ली. अमेरिका क्रे महासंगणक द्यायला खळखळ करू लागली, तेव्हा १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. एकाच अतिवेगवान प्रोसेसरच्या नादी न लागता त्यांच्या चमूने बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्यूटर चिप समांतर जोडल्या आणि १९९१मध्ये 'परम ८०००' उभा केला. खरी हुशारी या जोडणीत आणि तिच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. प्रस्तुत लेखक त्याला 'संपूर्ण स्वदेशी' म्हणतात, ते जरा उत्साहाच्या भरात. ट्रान्सप्यूटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. —संपा.