बार्क्ले द तोली : माघारीचा सेनापति

इ. स. १८१२ च्या रशियन युद्धाचें यश सामान्यतः कुतूझॉफच्या पदरांत टाकिलें जातें. त्या यशाचा पाया ज्यानें घातला त्या बार्क्ले द तोलीची आठवण क्वचितच कोणी काढितो. त्याचें कूळ मूळचें स्कॉटिश, घरची भाषा जर्मन, धर्म प्रॉटेस्टंट. १८०९ च्या मार्चांत बॉथनियाच्या गोठलेल्या आखातावरून त्यानें फौज स्वीडनमध्यें नेली आणि पुढल्याच वर्षीं तो युद्धमंत्री झाला.

नेपोलियन नीमेन नदी उतरून आला तेव्हां रशियाचीं मुख्य दोन सैन्यें एकमेकांपासून दूर होतीं. एकट्यानें गांठ घालणें म्हणजे सर्वनाश, हें ओळखून बार्क्ले मागें हटत राहिला. स्मोलेन्स्क सोडतांच 'परका', 'फितूर' अशी ओरड उठली. त्यांत बाग्रातियॉन पुढें होता. (तो स्वतः जॉर्जियाचा, पण तें कोणास खुपल्याचें दिसत नाहीं!) अखेर ऑगस्टांत झारनें सर्व सूत्रें कुतूझॉफच्या हातीं दिलीं. बोरोदिनोच्या रणांत बार्क्ले जणूं मरण शोधीत तोफांच्या तोंडीं वावरला. पुढें फीली येथील मसलतींत मॉस्को सोडण्याचा सल्ला प्रथम त्यानेंच दिला, आणि कुतूझॉफनें तोच मानिला. ज्या माघारीसाठीं एकास शिव्या मिळाल्या, तिच्याचसाठीं दुसऱ्यास दूरदर्शी म्हणावें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

१८१४ मध्यें पॅरिस पडल्यावर तो फील्डमार्शल झाला. १८१८ मध्यें वारला. १८३७ मध्यें सेंट पीटर्सबर्गच्या कझान देवळासमोर दोघांचे पुतळे जोडीनें उभे राहिले.