उंबऱ्यावरची डबी

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिची सनावळी शोधायची खोड लागली आहे. सध्या माझी नजर टीव्हीशेजारी दोन शिंगं वर करून बसलेल्या राउटरवर गेली आहे. घरोघरी येऊन या वस्तूला जेमतेम पंचवीस वर्षं झाली. पण तिच्या इतिहासात प्रश्न मात्र फार जुना आहे. दार सहज उघडावं, की नीट बंद व्हावं? आणि चोर आत शिरलाच तर दोष कुणाचा, घरमालकाचा की कुलूप बनवणाऱ्याचा?

आधी आपल्या इकडची एक घटना सांगतो, म्हणजे हा विषय नुसता तांत्रिक नाही हे पटेल. 26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये बाँबस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ईमेल आली होती. तिचा माग काढत पोलीस पोचले ते आपल्या नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. कुणीतरी त्यांच्या वायफायमध्ये शिरून ती ईमेल पाठवली होती. त्यांचा कटाशी काही संबंध नव्हता. तरी संगणक तपासासाठी गेले, चौकशी झाली, जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलं. वायफायच्या लहरींना भिंत अडवत नाही, आणि पोलिसांच्या हाती लागतो तो पत्ता घरमालकाचा असतो. पुढच्याच वर्षी दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

आता मुळापासून सुरुवात करू. बिनतारी जोडणीचं पहिलं प्रमाण 1997 मध्ये ठरलं. 1999 च्या जुलैत न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्जनी व्यासपीठावर लॅपटॉप हातात घेऊन इंटरनेट चालवून दाखवलं, आणि वायर कुठेच नाही हे पटवायला जादूगारासारखी एक रिंग लॅपटॉपभोवती फिरवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी विकली गेली ती सोय. सुरक्षेला कोण कशाला टाळ्या वाजवील!

तसं त्या पहिल्या प्रमाणात कुलूप होतं. त्याचं नाव वेप. पण अमेरिकेचे त्या काळचे निर्यातीचे नियम कडक असल्याने त्याची किल्ली मुळातच आखूड, 40 बिटांची ठेवली होती. त्याहून मोठा दोष त्याच्या रचनेत होता. 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तो दाखवून दिला : पुरेसा वेळ लहरी ऐकत बसलं की किल्ली आपोआप हाती येते. 2007 पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाभरावर आणलं. मधल्या काळात 2003 मध्ये डब्ल्यूपीए आणि 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 ही चांगली कुलुपं आली खरी, पण जुन्या डब्या लोकांच्या घरात तशाच राहिल्या. भिंतीतलं कुलूप बदलायला कोण येणार?

आणि खरं सांगू का, कित्येक घरांत ते लावलेलंच नव्हतं. त्या काळी बरेच राउटर दुकानातून यायचे ते कुलूप उघडं ठेवूनच. वापरायचं नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. कारण उघड आहे. डबी खोक्यातून काढली, वायर खुपसली आणि चालू झाली, तर गिऱ्हाईक खूश. पासवर्ड मागितला की गिऱ्हाईक अडतं, मदतीसाठी फोन करतं, नाहीतर वस्तू परत करतं. फोन आणि परतीचा खर्च कंपनीला दिसतो. चोरी झाली तर तो खर्च गिऱ्हाइकाच्या खाती. सगळा इतिहास या एका हिशेबात आहे असं मला वाटतं.

यावर तोडगा म्हणून 2007 च्या सुमारास डब्ल्यूपीएस आलं. लांबलचक पासवर्ड नको, बटण दाबा किंवा डबीच्या पोटावरचा आठ आकडी नंबर टाका. कल्पना उत्तम! पण आता जरा गणिताच्या तासाला बसा. आठ आकडी नंबर म्हणजे दहा कोटी शक्यता. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो, म्हणजे उरल्या एक कोटी. तरीही पुष्कळच. मात्र राउटर नंबर तपासायचा तो दोन तुकड्यांत. पहिले चार आकडे चुकले की तिथेच 'नाही' म्हणायचा. म्हणजे चोराने आधी पहिले चार शोधावे, जास्तीत जास्त 10,000 प्रयत्न. मग पुढचे तीन, जास्तीत जास्त 1,000. एक कोटीचे झाले 11,000! आपण गुणाकार समजत होतो, निघाली बेरीज. 2011 च्या डिसेंबरात श्टेफान फीब्योक या संशोधकाने हे जगापुढे मांडलं. काही तासांत दार उघडत होतं. कित्येक राउटर तर हजारो चुकीचे प्रयत्न झाले तरी शांतपणे पुढचा नंबर विचारत होते. शाळेचा शिपाईसुद्धा तिसऱ्यांदा खोटं नाव सांगणाऱ्याला हाकलून देतो हो!

तिसरी बाजू अपडेटची. दोष सापडला की कंपनी सुधारलेलं सॉफ्टवेअर काढते, पण ते डबीपर्यंत पोचायला हवं. वर्षानुवर्षं ही जबाबदारी गिऱ्हाइकावर होती : कंपनीच्या साइटवर जा, आपलं मॉडेल शोधा, फाइल उतरवा, चढवा. माझ्या पिढीतले किती जण हे करतील? असूसच्या प्रकरणात तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा आरोप असा होता की, अपडेट आहे का हे तपासायचं बटण दाबलं की नवं सॉफ्टवेअर निघालेलं असूनही 'तुमचं अगदी ताजं आहे' असं उत्तर अनेकदा मिळे. 2014 मध्ये त्या राउटरांतले दोष वापरून 12,900 हून जास्त ग्राहकांच्या साठवणीत घुसखोरी झाली. 2016 मध्ये तडजोड होऊन कंपनीला वीस वर्षं स्वतंत्र तपासणी मान्य करावी लागली.

त्याच वर्षी मिराई नावाचा उपद्रवी प्रोग्राम आला. त्याची युक्ती कसली? कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून बघणं. एवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. घरमालकांना पत्ताच नव्हता.

सगळं काही काळंच आहे असं मात्र नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या निळ्या-काळ्या राउटरात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. त्या परवान्यानुसार 2003 मध्ये कंपनीला त्याचा मूळ कोड खुला करावा लागला. त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या कित्येक डब्या हौशी माणसांनी पुढे वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्या. 2015-16 मध्ये गूगलचा ऑनहब, ईरो अशा राउटरांनी रात्री गुपचूप स्वतःच अपडेट घ्यायला सुरुवात केली. सोय आणि सुरक्षा एका पारड्यात बसू शकतात, हे यावरून दिसलं. पण त्या ऑनहबचाही आधार सातेक वर्षांनी संपला. म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूचं आयुष्य आता कंपनीच्या मर्जीवर.

म्हणूनच शेवटी कायदे आले. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून आणि ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सगळ्यांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन अशी यंत्रं विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये तर अपडेट कधीपर्यंत मिळतील हे विकतानाच सांगावं लागतं. औषधाच्या बाटलीवर तारीख असते ना, तशी. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने माहितीचं ओझं गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून बनवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलं.

असो. आमच्या नात्यातली निम्मी मंडळी साठीच्या पुढची आहेत, त्यांच्यासाठी चार ओळी. राउटरचा कारखान्याचा पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएस बंद करा. आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू ठेवा. स्वतःला जमत नसेल तर भाच्या-पुतण्यांना जेवायला बोलवा आणि करून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि नवीन राउटर घेताना दुकानदाराला वेगाच्या आधी एक प्रश्न विचारा : 'याला किती वर्षं अपडेट मिळणार?' त्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा जणांनी विचारलं की तो कंपनीला विचारील.