तळटीप १४ : हिरडस मावळ

१४. हिरडस मावळ : सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेले नीरा नदीचे वरचे खोरे, आजच्या भोर तालुक्याचा पश्चिम भाग. शिवकाळी देशमुखी बांदलांची, म्हणजे सारा वसूल करून सरकारात भरणे, गावांचे तंटे तोडणे आणि प्रसंगी माणसे लढाईला काढणे त्यांच्याकडे. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर लढली ती माणसे मुख्यतः याच खोऱ्यातली. खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरी; डोंगरी मुलूख, पीक बेताचेच. तेव्हा पत्रातली गल्ल्याची ओढ ही निव्वळ सबब समजू नये. पुढे हा मुलूख भोर संस्थानात होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. शेजारचे रोहिड खोरे वेगळे. कान्होजी जेधे तिथले देशमुख. लेखकाने पुढे दोहोंची गल्लत केली आहे.